सर्वानुमते मंजूर

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मराठी मंडळाला एक जुनी खोड आहे. ठराव कुठलाही असो, सचिवांनी "असा ठराव मांडण्यात येत आहे" एवढं म्हटलं की हात वर जातात. ठराव काय होता, ते मग चहा पिताना शेजाऱ्याला विचारायचं. एका वर्षी सचिवांनी चुकून मागच्या रांगेत बसलेल्या नानाजींच्याच नावाने श्रद्धांजलीचा ठराव वाचला. हॉलभर हात वर झाले आणि त्यांत नानाजींचा स्वतःचाही होता. लोकांची हसून पुरेवाट झाली. नानाजी त्यानंतर चांगली काही वर्षं जगले, आणि मंडळ ही गोष्ट अजून मोठ्या कौतुकाने सांगतं. गुणाकरबाबूही सांगायचे, अगदी नानाजींचा हात कसा वर गेला ते करून दाखवायचे. पुढे एका गणेशोत्सवानंतर मात्र त्यांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही.

गुणाकरबाबू सिंचाई विभागात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. आजोबा सरकारी नोकरीत नागपूरकडून इकडे आले ते इथलेच झाले. वडील कचेरीत चिकटले, मग हेही. खरं तर तरुणपणी नागपूरला जाऊन नाटकात काम करायचं मनात होतं, पण वडील अचानक गेले आणि त्यांच्या जागी नोकरी चालून आली. लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये, असं म्हणून थोरल्या काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं. राहिलेली हौस ते दर गणपतीत मंडळाच्या बालनाट्यावर भागवत. त्यांनी ज्यांना मिशा चिकटवल्या त्या पोरांची पोरं आता मिशा चिकटवून घ्यायला येत होती.

पण हौसेलाही वय असतं. पोरं आता घरात हिंदी बोलत, मराठी संवाद पाढ्यांसारखे घोकत. आयांना आपल्या लेकराला राजाच करायचा असे, राजा एक आणि आया पंधरा. तालमीला कोणी वेळेवर येत नसे आणि नाटक पडलं तर खापर मात्र बाबूंच्या डोक्यावर. उमाताई, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणायच्या, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, अन् वरून करपल्या म्हणून ऐकून घ्यायचं. बंद करा न हे." बाबू दर वर्षी "यंदा शेवटचं" म्हणायचे. त्या वर्षी ते खरंच म्हणत होते. निवृत्ती दोन वर्षांवर आली असताना साहेबांनी त्यांची बदली बैहरला केली होती. सकाळी बस, घाट, दिवसभर फायली, संध्याकाळी पुन्हा घाट. उजवा गुडघा असा दुखायचा की बसची पायरी चढताना ते देवाचं नाव घ्यायचे आणि उतरताना साहेबांचं.

त्या बसमध्ये त्यांना दुलीचंद भेटला. बैहरकडे वनरक्षक होता. घर बालाघाटलाच, बौद्ध वस्तीत. ड्यूटी लागली की दोन-दोन दिवस जंगलातच राहायचा. बाबूंचा गुडघा त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखला. तेव्हापासून तो आधी चढायचा, खिडकीच्या जागेवर गमछा टाकायचा आणि कोणी बसायला लागलं की म्हणायचा, "अरे भाई, बाबूजी बैठेंगे यहाँ." पैसे नाहीत, ओळखीचं काम नाही, नातं नाही. नुसता गमछा. बाबूंना त्या बदलीत एवढीच एक गोष्ट बरी वाटली होती.

श्रावणात एके दिवशी घाट चढताना दुलीचंद म्हणाला, "बाबूजी, तुमच्या मंडळात पोरायचं नाटक होते म्हणते. आमच्या लोकेशले घ्याल का? सातवीत आहे. पाठांतर मस्त आहे त्याचं."

मंडळाच्या पाटीवर "सर्व मराठी भाषकांसाठी" असं रंगवलेलं होतं. दुलीचंदच्या वस्तीत मराठी काही आज-कालची नव्हती. तिकडच्यांना येऊ नका असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, हे खरं. या असंही कोणी म्हटलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

"गणपतीचं आमच्या घरी काही नसते, तुमाले त मालूमच आहे," दुलीचंदच पुढे बोलला. "आरतीले थांबणार नाही तो. पण नाटक त नाटक आहे न. तेवढंच मराठी बोलाले भेटन. नाही त दिवसभर हिंदीच."

"पाठवून दे," बाबू म्हणाले.

"गीताले, त्याच्या आईले, पटत नाही. म्हणते, काहून पाठवता तिथं? मी म्हटलं, बाबूजी आहेत."

बाबूंनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. थकलेल्या माणसाने दिलेला शब्दही शब्दच असतो, पण तो किती जड आहे हे त्याला तेव्हा कळत नाही.

आता नाटक कुठलं करायचं, हा प्रश्न होता. नवं लिहायची ताकद नव्हती आणि जुनी नाटकं लोकांना पाठ झाली होती. अशा वेळी शेजारची ओवी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. ओवी अकरावीत होती. उन्हाळ्यात नागपूरला आत्याकडे राहून ती एक इंग्रजी कादंबरी वाचून आली होती आणि तेव्हापासून घरात कोणाशी धड बोलत नव्हती. पुढच्या काळातलं एक शहर, तिथलं दुष्ट सरकार, आणि सगळ्यांचं पोट भरावं म्हणून दर वर्षी निवडून मारायला पाठवलेली मुलं, असं काहीतरी त्या कादंबरीत होतं. तिच्या आईने ते ऐकून पुस्तक कपाटात कुलूपबंद केलं होतं. तेव्हा ओवीने आपलंच नाटक लिहिलं.

तिच्या नाटकात नदीकाठी एक गाव होतं. धान पुरत नाही, म्हणून दर वर्षी एका मुलाला नदीपार पाठवायचं. गेलेला परत येत नाही आणि बाकीचे वर्षभर जेवतात. नाटकात तीन मुलं एकेक करून पुढे येतात, आपण कोण ते सांगतात, आणि सूत्रधार, म्हणजे ओवी स्वतः, समोर बसलेल्या प्रेक्षकांनाच गावकरी समजून विचारते: हा जावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

"आणि मग?" बाबूंनी विचारलं.

"मग कोणीच हात वर करत नाही. तिन्ही वेळा. रिवाज मोडतो, अन् तिघं हात धरून गाणं म्हणतात. खतम."

"आणि कोणी केला तर?"

"काका! लहान मुलांसाठी कोणी हात वर करेल का? सोचा न जरा. त्या पुस्तकात लोक भीतीने गप्प राहतात, शिपाई असतात, बंदुका असतात. इथे कोण आहे? मला तेच दाखवायचंय. भीती नसली की लोक बरोबर वागतात."

बाबूंना मंडळ ओवीपेक्षा जास्त माहीत होतं. नानाजींचा वर गेलेला हात त्यांच्या डोळ्यांसमोर आला. पोरीला सांगावं, की बाई, आपले लोक वाईट नाहीत पण ऐकतच नाहीत. मग त्यांना वाटलं, हे कसं सांगायचं? सतराव्या वर्षी माणसांवरचा विश्वास उडवायचा, की तो आपोआप उडेल म्हणून थांबायचं? मुलांच्या हाती असल्या गोष्टी द्याव्यात की नाही, यावर मंडळात तासभर भाषण करता आलं असतं. पण भाषण करायला अंगात जीव लागतो. शिवाय नाटक आयतं मिळत होतं.

"बरं, करू," ते म्हणाले. "पण हात वर झालेच तर काय, तेही बसवून ठेवू. ज्याच्यावर हात येतील त्याने पायऱ्या उतरायच्या, लोकांच्या मधून चालत जायचं आणि दाराबाहेर पडायचं. मागे वळून पाहायचं नाही."

"गरजच नाही पडणार," ओवी फुगून म्हणाली.

अध्यक्ष होते वकीलसाहेब. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गणपतीत हे काय अशुभ, गुणाकर? पोरांना मारायचं वगैरे?"

"शेवटी गाणं आहे, साहेब."

"गाणं आहे न? मग मंजूर." जाता जाता ते म्हणाले, "आणि आपला चिन्मय पहिला राहू दे. फोटो पहिल्याचाच चांगला येतो."

चिन्मय म्हणजे त्यांचा नातू. तो पहिला झाला. दुसरी ऋता, डॉक्टरांची मुलगी. ती वाक्यं विसरायची, म्हणून तिला मधे ठेवली, म्हणजे आधीच्याचं पाहून तिला आठवावं. उरलं तिसरं. ते लोकेशला मिळालं. बाबूंनी यात काही ठरवून केलं, असं म्हणता येणार नाही. पाणी उताराकडे जातं तसं ते झालं, आणि अडवायला वाकायचं म्हटलं तर गुडघा दुखत होता.

लोकेश शिस्तीचा पोरगा निघाला. वेळेच्या आधी येऊन हॉलच्या पायरीवर बसायचा, चपला रांगेत ठेवायचा. ओवीने त्याला एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "तू सगळ्यात मस्त बोलतोस." तर त्याने खाली पाहून "हौ" म्हटलं. दाराबाहेर चालत जायची तालीम बाबूंनी तिघांकडून एकदाच करून घेतली. चिन्मय हसत धावत गेला. ऋता मधेच थांबली. लोकेश असा चालत गेला की सतरंजी गुंडाळणारी बाईसुद्धा हात थांबवून बघत राहिली.

नाटकाचा दिवस आला. त्या काळात साडेसात वाजले की लाईट जायची, म्हणून आरती त्याआधी उरकायची असं ठरलं होतं. आधी रांगोळीची बक्षिसं झाली. मग कोणीतरी पाहुणे बोलले आणि बोलतच राहिले. पडदा उघडला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक घड्याळं बघत होते, आणि मागे प्रसादाच्या शिऱ्याचा वास सुटला होता. दुलीचंद जंगलात ड्यूटीवर होता. गीता आली नव्हती. लोकेशचं म्हणावं असं हॉलमध्ये कोणीच नव्हतं. म्हणजे, बाबू होते.

चिन्मय पुढे आला. "मी सुताराचा मुलगा. मला नावा करायला आवडतात." ओवीने विचारलं, "गावकरी हो, हा जावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." लोक हसले. चिन्मयची आजी म्हणाली, "अगोबाई, माझं बाळ!" आणि पुन्हा हशा झाला. हात एकही नाही. ओवीचा चेहरा फुलला. ऋता आली, एक वाक्य विसरली, तिच्या आईने खालून सांगितलं, टाळ्या पडल्या. हात एकही नाही.

लोकेश आला. "मी नावाड्याचा मुलगा. बाबा मला म्हणतात, नदीला घाबरायचं नाही." आवाज स्वच्छ होता. कोणी हसलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. एवढ्यात दिवा एकदा लुकलुकला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, आरती घ्या, लाईट जाईल." ओवीने विचारलं, "हा जावा असं ज्यांना वाटतं त्यांनी..."

पहिला हात वकीलसाहेबांचा होता. ते शेजारच्याशी आरतीच्या ताटाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलताच हात वर गेला. अध्यक्षांचा गेला म्हणून बाकीच्यांचे गेले. मग रांगेमागून रांग, जणू हिशेब मंजूर होत होता. आपलं झालं म्हणून खाली उतरून बापाच्या मांडीवर बसलेल्या चिन्मयनेही वर केला. कोणीतरी सवयीने "मंजूर!" असंही म्हटलं.

बाबू विंगेत उभे होते. पडद्याची दोरी त्यांच्या हातात होती. पुढे होऊन "थांबा" म्हणायला फार तर तीन पावलं लागली असती. मनात आलं, की आता थांबवलं तर काय झालं ते सगळ्यांना कळेल, आणि न थांबवलं तर कदाचित कोणालाच कळणार नाही. लोकेशने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. बाबूंनी काहीच केलं नाही. मग लोकेश पायऱ्या उतरला, लोकांच्या मधून चालत गेला, दाराशी चपला घातल्या आणि बाहेर पडला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "क्या काम किया लड़के ने!" डॉक्टर म्हणाले. आणि लगेच आरतीला सुरुवात झाली.

ओवी विंगेत येऊन धाप लागल्यासारखी उभी राहिली. गाणं म्हणायचं राहूनच गेलं होतं. "काका, पुस्तकात शिपाई असतात हो," ती म्हणाली. "इथे तर कोणीच नव्हतं." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं ना? म्हणून चालायची तालीम घेतली." बाबू मागच्या दाराने बाहेर पडले.

लोकेश कोपऱ्यावरच्या बंद दुकानापाशी त्यांना गाठता आला. पाय ओढत गेल्यामुळे बाबूंना धाप लागली होती.

"काकाजी, बरोबर केलं न मी?" लोकेशने विचारलं. "पलटून नाही पाह्यलं."

"बरोबर केलंस," बाबू म्हणाले. "लोकेश, ते हात... ते लोक ऐकत नव्हते रे. त्यांना घाई होती."

"हौ." तो थोडं चालला. "मले मालूम होतं, माझ्यावरच होतीन."

"काहून?"

"त्या दोघायच्या आया बसल्या होत्या न समोर."

एवढी वर्षं त्यांनी पोरांना संवाद शिकवले होते, आणि यावर बोलायला त्यांच्याकडे एक संवाद नव्हता. "मग तू हे काम घेतलंस कशाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुमी देल्लं म्हणून."

दोघं वस्तीच्या वाटेला लागले. मधेच लाईट गेली. गीता दारात कंदील घेऊन उभी होती. बाबूंना पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "कसं झालं रे?"

"मस्त झालं, आई!" लोकेशचा आवाज एकदम चढला. "शेवटचा रोल माझाच होता. सब लोकायनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरसाहेब बी म्हणाले, क्या काम किया."

गीताने बाबूंकडे पाहिलं. तिला मुलाकडून नाही, त्यांच्याकडून ऐकायचं होतं. "खरं का जी, बाबूजी?"

लोकेश आईच्या मागे उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता, आणि नाही म्हणू नका, असं त्याच्या डोळ्यांत साफ दिसत होतं. ते पोराला सांभाळणं होतं की स्वतःला, हे बाबूंना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

"हौ," ते म्हणाले. "टाळ्या खूप वाजल्या."

गीता हसली. पहिल्यांदाच हसली त्यांच्याकडे पाहून. "मी उगाच भेत होतो," ती म्हणाली, "चहा घेऊन जा." बाबूंनी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि अंधारात परत फिरले. घरी उमाताईंनी विचारलं, "झालं एकदाचं?" तर ते न जेवताच आडवे झाले. एवढं थकल्यासारखं त्यांना वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

सोमवारी बसमध्ये दुलीचंदने खिडकीच्या जागेवर गमछा टाकून ठेवला होता. त्याचा चेहरा लखलखीत होता. "या बाबूजी! गीता त लयच खूश झाली. म्हणते पुढच्या साली मी बी येतो पाहाले."

बाबू दांडा धरून उभे राहिले.

"बसा न."

"नको. आज उभाच राहतो."

"काहून?"

गांगुलपाऱ्याचा घाट लागला. गुडघ्यातून कळा मस्तकात जात होत्या. मग, बस वळणावर कललेली असताना, त्यांनी सगळं सांगितलं. पहिला कोण, दुसरी कोण, तिसरा का. सगळ्यात आधी वर गेलेला हात कोणाचा, आणि दारात गीताला काय सांगितलं, तेही. दुलीचंद ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते बाबूंनी पाहिलं नाही, कारण ते गमछ्याकडे पाहत होते.

दुलीचंदने विचारलं, "तुमचा होता का हात, बाबूजी?"

"नाही. पण मी एकाचाही खाली करायला लावला नाही."

दुलीचंदने मान हलवली. खिडकीबाहेर सागाची झाडं मागे जात होती, आणि त्याने ती नवीन असल्यासारखी बराच वेळ पाहिली. मग त्याने गमछा उचलला, झटकला, आपल्या खांद्यावर टाकला. जागा रिकामी झाली.

"बसा," तो म्हणाला. "पाय दुखन तुमचा."

तो पुढे काही बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बाबूंना उभं राहणं सोपं गेलं असतं. पण बैहर अजून बरंच लांब होतं. बाबू बसले. गुडघा खरंच दुखत होता.